सोमणकाकांच्या गाडीचा हीटर

गॅरेजचं एक असतं बघा. गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं, पण किस्सा इथेच टाकून जातं. ठाकुर्लीला माझं गॅरेज आहे. जुने पार्ट मी भंगारात देतो, किस्से कोण घेणार? साचत जातात नुसते. त्यातले निम्मे एकट्या सोमणकाकांचे!

काका डोंबिवलीचे, गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झालेले. गाडी चोवीस वर्षांची. इंजिन एक नंबर, पण कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे पाइप म्हणजे निव्वळ छळ. इंजिनातून गरम पाणी हीटरकडे नेणारा एक लोखंडी पाइप, परत आणणारा दुसरा, मध्ये रबराचे तुकडे, त्यांना क्लिपा. एक गळती बंद केली की दुसरी सुरू. शेवटी त्यांचा मुलगा मंदार, तो ठाण्याला असतो, माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, आता एकदा जरी तापमानाचा काटा लालवर गेला ना, तर गाडी थेट भंगारात. मी स्वतः नेऊन देणार!"

मंदार गेल्यावर काका मला हळूच म्हणाले, "वासू, गाडी गेली तर मी घरात बसून करू काय रे?"

*

एकदा दिवा गावाजवळ गाडी तापली. काकांनी एका चाळीत पाणी मागितलं. तिथली बाई म्हणाली, "काका, आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. प्यायला मागा, देते. गाडीला कुठून देऊ?"

काका निमूटपणे पेलाभर पाणी प्यायले आणि तिथेच उभे राहिले. तिलाच कसंतरी वाटलं. अर्धी कळशी दिली तिने, "पण परत आणून द्यायचं हां!" असा दम देऊन.

दुसऱ्या दिवशी हा माणूस दोन कॅन भरून दिव्याला हजर! बाईने झाकण उघडून वास घेतला. "काका, हे पिण्याचंच आहे ना? गाडीतनं काढलेलं नाही ना?"

*

मग कुणीतरी अक्कल शिकवली की रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते. थांबते म्हणा, चिमूटभर टाकली तर! काकांनी स्वयंपाकघरातला डबाच उपडा केला.

आमच्याकडे रेडिएटरचं काम आंब्रोज करतो. किनाऱ्यावरच्या गावातला, बापजाद्यांपासून होडीवाला. त्याने झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि मला हाक मारली, "वासू, इकडे ये! मास्तरांनी पिठलं केलंय!"

तीन वेळा धुतला रेडिएटर. तरी पिवळं पाणी येतच होतं. वर काका विचारतात कसे, "पण गळती थांबली का नाही?" थांबली होती हो! कूलंट आत फिरायचंच थांबलं होतं, तर गळणार कुठून?

*

हीटरचा शोध ठाण्यात, खोपटला लागला. एसटी डेपोसमोर ट्रॅफिक तुंबलेलं, मे महिना, काटा चढत चाललेला. शेजारच्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ काका, हीटर फुल करा! इंजिनाची गरमी आत घ्या!"

काकांनी केला. काटा खाली आला! तेव्हापासून जरा चढण आली की काकांचा हात हीटरवर. बाहेर ऊन, आत भट्टी, आणि शेजारी काकी. बाई कधी चकार शब्द बोलली नाही. मंदार चिडायचा, "आई भाजून निघते हो त्या गाडीत!" आम्हालाही वाईट वाटायचं. आंब्रोज तर म्हणायचा, "मास्तर, काकींना एक सोन्याची बांगडी करा. साधी नको, जाड करा!"

*

भंगाराची धमकी आल्यावर मात्र मी आणि आंब्रोजने सगळे पाइप खोलले. आंब्रोजने जॉइंट मोजले. तेरा!

"आमच्या होडीच्या इंजिनाला पाइप दोन," तो म्हणाला. "पाणी आत, पाणी बाहेर, खलास! डोंबिवलीत हीटर हवाय कुणाला?"

पटलं मला. हीटरकडे जाणारी सगळी लाइन काढून टाकली. इंजिनाची दोन तोंडं एकाच वाकड्या रबरी पाइपने जोडून दिली. तेराचे झाले पाच. काका बाजूला स्टुलावर बसून बघत होते, एकदम खूश! "अरे, मी पोरांना जन्मभर हेच सांगितलं. आधी सोपं रूप द्या!"

*

परीक्षा आठवड्याभरातच आली. ओतूरला काकींच्या भाच्याची वास्तुशांत. म्हणजे माळशेज घाट, तोही मे महिन्यात. मंदार मुद्दाम मागच्या सीटवर बसलेला, मोबाइलमध्ये भंगारवाल्याचा नंबर घेऊन!

माझं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. दुपारी फोन आला. काका ओरडतच होते, "वासू, काटा मधोमध! हलला नाही! मी कुठे थांबलोसुद्धा नाही, थेट ओतूर!"

मग मंदारने फोन घेतला. "मानलं तुम्हाला. राहू दे गाडी." आंब्रोजने शेजारच्या टपरीवाल्याला सांगून अख्ख्या गॅरेजला वडापाव खिलवला.

*

चार दिवसांनी काकी आल्या. एकट्याच, रिक्षाने. मला वाटलं आशीर्वाद द्यायला आल्या असतील. मी स्टूल पुसून दिलं.

"वासू, गाडी राहिली, फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आता तो हीटर परत जोडून दे."

मी आंब्रोजकडे बघितलं, आंब्रोजने माझ्याकडे.

"अहो काकी, पण तुम्ही तर त्यात भाजून निघायच्या ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणायचे."

"मला विचारलं कुणी?" काकी शांतपणे म्हणाल्या. "माझे गुडघे शेकायचे त्याने."

एवढंच ना! आंब्रोज म्हणाला, "देतो जोडून काकी. नवीन पाइप टाकतो, गळणार नाही. मास्तरांना सांगा, पाहिजे तेव्हा लावतील."

"मी सांगून लावलेला नको." काकींनी पदर सारखा केला. "घाट चढून झाला ना, की हे गाडी बाजूला घ्यायचे. मला उसाचा रस पाजायचे. विचारायचे, फार उकडलं का गं? त्या दिवशी काटा हललाच नाही. सरळ ओतूर."

काकींनी स्टूल जरा माझ्याकडे सरकवलं.

"वासू, तो काटा थोडा वर दिसेल असं काही करता येतं का रे? लालवर नको हं, मंदार गाडी घालवेल. लालच्या जरासा खाली."