बाकी निरंक

रत्नप्रभा मुळावकर भित्री होती आणि ते ती कुणापासून लपवतही नसे. पालीला भिई, साहेबाला भिई, फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवी आणि मग उचली. अशा बाईच्या वाट्याला नेमकं वसुलीचं टेबल आलं. बोरदऱ्याच्या नगरपंचायतीत ती कराच्या पावत्या फाडायची. अक्षर मात्र असं की लोक पावती घडी न घालता घरी नेत.

नऊ वर्षांपूर्वी बोरदऱ्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली आणि पावतीवर एक नवा रकाना आला, शिक्षण कराचा. हा कर गोळा गावाने करायचा आणि भरायचा राज्याच्या तिजोरीत. गाव भडकलं. इथल्या शाळेचं छत गळतंय, दोन मास्तर कमी आहेत, आणि शाळेच्या नावाचा पैसा जाणार मुंबईला! सभेत सगळे सदस्य कधी नव्हे ते एका सुरात बोलले, "कर त्यायचा अन् शिव्या आमी खायच्या?" ठराव मात्र झाला नाही, कागदावर यायला कोण तयार होणार? तेव्हाच्या अध्यक्षांनी रत्नप्रभाला बोलावून एवढंच सांगितलं, "बाई, घरपट्टी अन् पाणीपट्टी घ्या. तो रकाना राहू द्या सध्या."

ते 'सध्या' नऊ वर्षं चाललं. लोक पैसे भरून विचारत, "आता काही बाकी नाही ना?" खरं सांगावं तर खिडकीशी आरडाओरडा, आणि आरडाओरड्याची तर तिला दहशत. मग पावती फाडून झाली की ती खाली आपल्या देखण्या अक्षरात लिहून द्यायची, 'बाकी निरंक'. लोक खूश होऊन जात. कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर ती ओळ नसे.

यंदा फेब्रुवारीत यवतमाळहून पत्र आलं. थकलेला शिक्षण कर दंडासकट मार्चअखेर भरा, नाहीतर अनुदान थांबेल. नवे मुख्याधिकारी तरुण आणि कडक होते. त्यांनी पहिल्या टप्प्यासाठी दोनशे अकरा मालमत्तांची यादी काढली. दारापुढे ढोल वाजवायचा, जागेवर पैसे मागायचे, नाही दिले तर दुकानाला सील.

"बाई, तुम्हीही चला. लोक तुम्हाला ओळखतात," साहेब म्हणाले.

ओळखतात, हेच तर मरण होतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. एक पावती साहेबांच्या हाती पडली की निलंबन, चौकशी, पेन्शनवर पाणी. तिला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. अध्यक्षांनी तोंडी सांगितलं होतं, आणि ते तर दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

यादीत पहिलं नाव जमिलाबींचं. त्यांच्या जागेत मुलगा मुजफ्फर मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज चालवायचा. दरवर्षी एक एप्रिलला खिडकीवर पहिला नंबर जमिलाबींचा, जणू शर्यतच. दवंडीसाठी सोबत घेतलेल्या धावजीने ढोलावर टिपरू मारलं. गल्ली गोळा झाली.

"कायचे पैसे?" मुजफ्फर हात पुसत पुढे आला. "अम्मीनं दरसाल भरले."

"मागच्या पावत्या आहेत?" साहेबांनी विचारलं.

जमिलाबी आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडून वरची पावती त्यांनी डोळ्यांजवळ धरली. मग रत्नप्रभाकडे पाहिलं. रत्नप्रभाचे ओठ पांढरे पडले होते. जमिलाबींनी सगळं त्या एका नजरेत वाचलं असावं. त्यांनी पावती डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"यात नाही साहेब. उधईनं खाल्ल्या असतील."

"अम्मी, काय बोलून राह्यली तू?" मुजफ्फर ओरडला.

"चूप बैस. नाही म्हणलं ना."

पहिल्यांदा रत्नप्रभाला वाटली ती नुसती सुटका. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं. मग शरमेने तिला खाली बघवेना आणि वरही बघवेना. आता बोलावं, असं तिला खरंच वाटलं. पण तिने फाइल उघडून पंचनाम्याचा कोरा कागद काढला.

शटर खाली आलं. आत लोकांच्या तीन गाड्या खोललेल्या होत्या. शिपायाने कुलपावर लाख ओतली. पंचनामा रत्नप्रभानेच लिहिला, 'मागणी करूनही पावत्या सादर केल्या नाहीत.' जमिलाबींनी अंगठा न देता सही केली आणि हळूच म्हणाल्या, "तुले पेन्शन लागते बाई. माह्या पोराचे हात आहेत."

मुजफ्फर ओट्यावर डोकं धरून बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

धावजी ढोल सावरत पुढच्या दाराकडे निघाला. ते इंदुताईंचं किराणा दुकान. इंदुताई आधीच पायरीवर उभ्या होत्या, हातात प्लास्टिकची फाइल, तोंडभर हसू.

"बरं झालं बाई, तुमीच आल्या! मी त घाबरलीच होती." त्यांनी फाइलमधून पावती काढून साहेबांपुढे धरली. "सांगा यायले. माहं सारं भरलं आहे, तुमीच त लिहून देल्लं."