टॉकीजचं छत

गोंदियाच्या जुन्या टॉकीजचं छत कुजलंय, असा अहवाल मी इंजिनीअर म्हणून दिला; पण त्या छतावर मी चढलोच नव्हतो. हे आजवर कोणालाही सांगितलं नाही.

तिथले म्हातारे डोअरकीपर खेळ बंद पडल्यावरही रोज यायचे. रिकाम्या खुर्च्या पुसायचे. पडद्यासमोरून जाताना वाकून जायचे, कोणाच्या आड येऊ नये म्हणून. दर उन्हाळ्यात स्वतः कौलारू छतावर चढून फुटकं कवेलू बदलायचे.

पाहणीच्या दिवशी त्यांनी शिडी धरून ठेवली. “चढा जी साहेब. छताले खालून सागाच्या कैच्या आहेत, कायले पडतीन?”

मला उंचीची भीती वाटते, पण ते कबूल करवेना. “खालूनच दिसतं सगळं,” मी म्हणालो.

पाडकाम सुरू झालं तेव्हा पहिला घाव पडताच ते घरी निघून गेले. नंतर उतरवलेलं सागवान कोरडं, ठणठणीत निघालं, ते मी एकट्यानं पाहिलं.

परवा बाजारात भेटले. “साहेब, माह्याच हातून एखांदं कवेलू सुटलं असन. पाणी मुरलं, म्हणून तुमाले तसं लिहा लागलं.”

मी होकारार्थी मान हलवली.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. एवढं त्यांना सांगण्याचं देणं मी अजून लागतो.