नव्या पाण्यातला पहिला मासा

आमच्या दिगंबरमामांनी बुऱ्हाणपुरात लालबागच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि त्यांच्या तोंडच्या एकाही आकड्यावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही. बावीस वर्षांपूर्वी तापीत त्यांच्या गळाला छातीएवढा महाशीर मासा लागला म्हणे, आणि दोरी तोडून गेला. तेव्हापासून सिंधीपुऱ्यात प्रशांतच्या चहाच्या टपरीवर मामा दिसले की कुणीतरी विचारतंच, "सर, आज केवढा?" मामा हसतात. घरी येऊन मात्र जेवत नाहीत, आणि शारदामामी मला फोन करून बोलावते.

या फोनांना कंटाळून गेल्या डिसेंबरात मी मामांना मालवणला नेलं. समुद्रात मोठा मासा धरायचा, फोटो टपरीवर लावायचा आणि विषय संपवायचा, एवढाच माझा बेत.

चालत्या बोटीमागे लांब दोरीला खोटा मासा बांधून ओढत न्यायचा, अशी तिथली पद्धत. तीन तास काही नाही. मामा बोट चालवणाऱ्या तांडेलाला महाशीराची गोष्ट रंगवून सांगत होते आणि मी उलट्या करत होतो. मग एकदम रीळ करकरायला लागलं. मामांनी काठी पोटाशी धरली ती पाऊण तास सोडली नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस, मी मागून कंबर धरलेली. शेवटी बोटीच्या कडेला आला तो भलामोठा कुपा, म्हणजे ट्यूना. निळा-काळा, लखलखीत, वीस-पंचवीस किलोचा सहज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मी मोबाइल काढला. मामांनी ओला पंजा थेट कॅमेऱ्यावर ठेवला.

"फोटो-बिटो नको, नीलेश. नव्या पाण्यातला पहिला मासा आहे."

"मग?"

"पहिला मासा मोजायचा नाही, दाखवायचा नाही. जसा आला तसा परत. आमच्या बाबांचा नियम आहे."

"मामा, तो तापीचा नियम. हा समुद्र आहे."

"पाणी तर आहे ना?"

मासा वर ओढायला तांडेलाने उचललेला लोखंडी आकडाही त्यांनी खाली ठेवायला लावला. वाकून, हलक्या हाताने गळ सोडवला आणि कुपा गेला. "आता दुसऱ्याचे पाहिजे तेवढे फोटो काढ," असं वर मलाच म्हणाले. पुढचे दोन दिवस आमच्या गळाला बांगडासुद्धा लागला नाही. परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

टपरीवर मात्र मामांच्या आधी मीच सुरू झालो. पाऊण तास, पंचवीस किलो, सगळं सांगितलं.

"फोटो दाखव ना यार," प्रशांत म्हणाला.

"काढू दिला नाही."

सगळ्यांना हसू फुटलं. "सरांचाच भाचा आहे भाई. खानदानी चीज आहे."

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितके ते जास्त हसले. माझे कान तापले, आणि संताप असा आला की ग्लास फेकावासा वाटला. त्या महाशीरावर मीही कधी विश्वास ठेवला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

मामांनी माझ्याकडे बशी सरकवली.

"चहा पी. पहिली तीन-चार वर्षं फार त्रास होतो."