साळवेंना वाईट वाटत होतं

माझे भाऊजी प्रभाकर साळवे गेल्याचं ताईने फोनवर सांगितलं. मी दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा श्रद्धांजलीचा मजकूर माझ्या फोनवर आला होता. वाघोडिया रोडवरच्या त्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गुजरातीत लिहिलं होतं की साळवेभाई सदा हसतमुख होते, त्यांच्या धर्मावरून आम्ही कितीही मस्करी केली तरी त्यांना कधी वाईट वाटलं नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून आयुष्य काढलं. निधनवार्तेत चूक राहिली तर ती दुरुस्त करतात, एवढं मला ठाऊक आहे. त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं लिहिणाऱ्याला माहीत आहे.

भाऊजी वाघोडियाच्या एका कारखान्यात फोरमन होते. नगरकडून आलेलं ख्रिस्ती कुटुंब, घरात मराठी, बाहेर पडताच गुजराती. मस्करी त्यांना नवी नव्हती. "आज किती बाटवले, साळवे?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "तुझी पाळी मंगळवारी. अंघोळ करून ये." विचारणाराही हसायचा, कारण दोघं एकाच डब्यातून जेवत असत. हा हिशेब त्यांना मान्य होता.

शरद पौर्णिमेच्या कार्यक्रमात झालं ते निराळं होतं. सोसायटीच्या पटांगणात सगळे दूध-पौवा, म्हणजे दुधातले पोहे, खायला जमले होते आणि मंचावर सेक्रेटरीने बसवलेलं एक प्रहसन चाललं होतं. पांढरा गाऊन घातलेला पाद्री, हातात क्रिकेटचे दोन स्टंप बांधून केलेला क्रूस. तो समोरच्या माणसांना पिशव्या वाटत ओरडत होता, "एक थेली चोखा, एक हालेलुया!" एक पिशवी तांदूळ घ्या, एकदा हालेलुया म्हणा. लोक पोट धरून हसत होते. भाऊजी आणि ताई त्यांच्यातच बसले होते. हसता हसता काहींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, ते हसतात की नाही हे बघायला... भाऊजी शेवटपर्यंत बसून राहिले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांत जाऊ म्हणालो, निदान बातमी तरी करू म्हणालो. मी संतापलो होतो, आजही आहे. ते म्हणाले, "करू की. पण आधी त्याचं दार तरी ठोठावू दे." त्यांच्या चर्चच्या मंडळीतली ही जुनी रीत. कोणी आपला अपराध केला तर प्रथम एकट्याने जाऊन त्याला तोंडावर सांगायचं. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरीही ऐकलं नाही तर सगळ्यांसमोर बोलायचं. बहुतेक जण पहिली पायरी गाळतात, कारण तीच अवघड असते. भाऊजी गेले. सेक्रेटरी म्हणाला, "अरे साळवेभाई, मजाक हती, यार!"

दुसऱ्या वेळी त्यांनी मला नेलं. चहा आला. भाऊजींनी सांगितलं की त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा सख्ख्या भावांनी त्यांना घराबाहेर काढलं, जमीन गेली, तांदूळ कोणी दिले नाहीत. आवाज शांत होता. सेक्रेटरी मात्र माझ्याकडे बघत होता. "तमे प्रेसवाळा छो ने? आ छापशो तो नहीं?" हे छापून तर येणार नाही ना, त्याला काळजी फक्त तेवढीच होती.

मग सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टाकीची चर्चा सुरू होण्याआधी, भाऊजी उभे राहिले. "मला वाईट वाटलं. सगळ्यांना सांगतोय, कारण सगळे हसलात. मी इथून जाणार नाही. पुढच्या वर्षी दूध-पौवा खायला येणार आहे, आणि दोनदा घेणार आहे." कोणी माफी मागितली नाही. कोणीतरी म्हणालं, "चालो, हवे टांकी," आणि टाकीची चर्चा सुरू झाली. पुढच्या वर्षी ते पटांगणात गेले आणि दोनदा घेतलं. तसं प्रहसन पुन्हा झालं नाही. पण त्यांनी उभं राहून उच्चारलेलं वाक्य त्या सगळ्यांनी गिळून टाकलं, आणि ते मेल्यावर त्यांच्या नावावर सोशिकपणा चढवला. अपमान करायचा, वर अपमान झालाच नाही असं प्रमाणपत्रही आपणच द्यायचं... मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही.

दफनानंतर मी सेक्रेटरीच्या नावासकट लेख लिहिला आणि ताईला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. "गेला होतास का त्याच्या दारात?"

नव्हतो गेलो. म्हणून गेलो. तो म्हणाला, "मरी गयेला माणसनुं सारुं ज लखाय ने." मेलेल्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे त्याने मला, निधनवार्ता लिहिणाऱ्याला, समजावलं.

गेल्या आठवड्यात ताई सोबत आली. ती बसली नाही. "त्यांना वाईट वाटत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांनी याच खोलीत सांगितलं होतं. ते वाक्य काढा." त्याने फोन उघडला, बराच वेळ अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बेन, आता जुना मेसेज झाला. डिलीट नाही होत."

जिना उतरताना ताईने कठडा घट्ट धरला होता. खाली आल्यावर ती थांबली.

"दोनदा झालं," ती म्हणाली. "आता छाप. त्याचं नाव मात्र नको."