सहा खिशांचा कोट

मास्तरीण म्हटलं की लोकांना शाळा आठवते. आमच्या मास्तरणीचा शाळेशी संबंध एवढाच, की गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश तिने शिवलेत. टेलर पुरुष असला की त्याला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. मी तिच्याकडे काज-बटणं करते, बावीस वर्षं झाली. ती मशीनवर, मी खिडकीजवळच्या स्टुलावर. माझी जीभ तिखट आहे हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवते. तुम्हालाही सांगून ठेवते, मग म्हणू नका सांगितलं नव्हतं.

घर तिच्या वडिलांचं. खाली पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ती, आणि वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि बारा वर्षांची मुलगी. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि ही सतराची. तिने त्याला वाढवलं, त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. पहिल्या चड्डीपासून ऑफिसातल्या सुटापर्यंत त्याच्या अंगावर बाहेरची शिलाई कधी लागली नाही. त्याचं माप तिला वहीत बघावं लागत नाही. माणसाचं माप मात्र तिने चुकीचं घेतलं, ते मी घेतलं होतं बरोबर. पण काजवालीचं कोण ऐकतो.

आमच्या गल्लीवरून विमानं जातात. विमान आलं की मास्तरणीचा पाय पायडलवरून आपोआप सुटायचा, मशीन थांबायची, आणि ती आवाज संपेपर्यंत छताकडे बघत बसायची. लहानपणी धाकटा म्हणायचा, ताई, मोठा झालो की तुला विमानात बसवीन. तो मोठा झाला, साहेब झाला, तीनदा विमानात बसून आला. साथ आली आणि आकाशच बंद झालं, तेव्हा ती म्हणाली, आता कुणीच जात नाही, बरं वाटतं. पुढे विमानं सुरू झाली, पण सतरा अटींसह. बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट हवा, घरात कुणी आजारी नाही असं लिहून द्यायचं, आणि कुठून कुठे कशाला जाताय हे सगळं फॉर्मवर भरायचं. कंटाळलेल्या धाकट्याने आठ दिवसांची सहल ठरवली, थंड हवेच्या ठिकाणी. आणि खाली येऊन म्हणाला, ताई, या वेळी तूसुद्धा.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण त्या दिवशी तिने एका शर्टाला दोन डाव्या बाह्या जोडल्या. मग स्वतःसाठी कोट शिवायला घेतला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की विमानात बॅगेचं वजन करतात, खिशांचं करत नाहीत. झालं. कोटाला सहा खिसे. एक चष्म्याचा, एक गोळ्यांचा, एक रुमालाचा, एक ओळखपत्राचा, एक टाचण्या-दोऱ्यांचा, कारण वाटेत कुणाचं बटण तुटलं तर. सहावा आतून, छातीशी, त्यात विमानाचा पास ठेवायचा. गडद निळं कापड, आतून राखाडी अस्तर. काजं मी केली, आयुष्यात केली नाहीत इतकी बारीक.

निघायच्या दोन दिवस आधी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन सगळ्यांच्या नाकात काडी घालून गेला. रिपोर्ट धाकट्याच्या फोनवर येणार होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जिन्यातच थांबला आणि तिथूनच म्हणाला, ताई, बाकीच्यांचं ठीक आहे, तुझा पॉझिटिव्ह आलाय.

ती बिचारी लगेच मागे सरकली, त्याला लागू नये म्हणून. तुम्ही जा, माझ्यापायी पोरीचा हिरमोड नको, असंही तिनेच म्हटलं. त्याने एकदाही नको म्हटलं नाही. दाराबाहेर गोळ्या ठेवल्या, वाफारा घ्यायचं भांडं ठेवलं. निघताना भावजय दाराबाहेरून म्हणाली, तिकडे थंडी आहे, तुमचा कोट नेऊ का, नाहीतरी इथे पडूनच राहील. मास्तरणीने कोट दाराबाहेर टांगला. आणि धाकटा जाता जाता म्हणाला, "चौदा दिवस काय, असे निघून जातात."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

मी रोज मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवायची आणि चार हात लांब उभी राहायची. आतून ती बोलायची. रोज सकाळी मशीनच्या तेलाची बाटली उघडून वास घ्यायची, कारण या आजारात वास जातो म्हणतात. वास यायचा. तिला वाटायचं, भास होतोय. दुसऱ्या दिवशी तिने मला एक चिठ्ठी दाखवली, खिडकीच्या काचेला आतून लावून. माझ्यामागे मशीन काजवालीला द्यावी, असं लिहिलं होतं आणि खाली सही. मी म्हटलं, मला मशीन नको, तुझी कटकट हवी आहे. मग घरी जाऊन पोटभर रडले.

त्याच दुपारी भाचीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. लेकरू ते, तिला काय ठाऊक काय लपवायचं. आत्या, बघ, ढग, असं लिहिलेलं. फोटोत विमानाची खिडकी, आणि खिडकीशी धाकट्याची सासू. अंगात निळा कोट. मास्तरणीने फोन काचेला लावून मला दाखवला आणि म्हणाली, जागा रिकामी जाण्यापेक्षा बरं केलं की. स्वतःशीच समजूत घालत होती. मी म्हटलं, अगं, त्या बाईलाही रिपोर्ट लागला असेल ना? बहात्तर तासांतला? तो काय झाडाला लागला होता, ऐन वेळी तोडायला?

तिने फोन काचेवरून खाली घेतला. वाफाऱ्याचं भांडं मात्र त्या दिवशी तापलं नाही.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा माणूस दुकानात आला. आता बघा, खोटं बोलणाऱ्याने कुठे माती खाल्ली. साथ आल्यापासून त्या प्रयोगशाळेचे निळे गाऊन, डोक्यापासून पायापर्यंतचे, मास्तरीणच शिवत होती. आठवड्याला चाळीस. ज्या घरात धाकटा राहतो त्याच घराच्या पुढच्या खोलीत ते गठ्ठे पडलेले असायचे, पण खालच्या खोलीत काय चालतं हे बघायला साहेबांना वेळ कुठला. मी त्या माणसाला म्हटलं, गाऊन मिळायचे नाहीत, मास्तरीण पॉझिटिव्ह आहे. तो म्हणाला, कुणी सांगितलं? त्या घरच्या पाचही जणांचे नमुने मी घेतले, चार इथे आणि पाचवा सासूबाईंचा त्यांच्या घरी, आणि पाचही निगेटिव्ह. रिपोर्ट मीच पाठवले.

मी मागच्या खिडकीवर दणके घातले. तिने उघडली. मी सांगितलं. ती दाराची कडी काढून बाहेर आली, मशीनवर बसली आणि तेलाची बाटली हातात घेऊन म्हणाली, म्हणजे वास खरा होता.

मी म्हटलं, आता काय करायचं ते बोल. तिच्या तोंडातून कधी शिवी ऐकली नव्हती, ती त्या दिवशी ऐकली. इथे लिहीत नाही. मग म्हणाली, वरची किल्ली माझ्याकडे आहे.

तीन दुपारी आम्ही वरच्या मजल्यावरचे कपडे खाली आणत होतो. धाकट्याच्या अकरा पँटी, चौदा शर्ट, दोन सूट. भावजयीचे जेवढे कपडे सहलीला गेले नव्हते तेवढे सगळे. पोरीच्या कपड्यांना हात लावला नाही. प्रत्येक पँट कमरेत दीड इंच आत, प्रत्येक शर्ट दोन्ही बगलांना बोटभर आत. मी म्हटलं, सरळ कात्री लाव की. ती म्हणाली, कापायचं नाही, कापडाने आपलं काय घोडं मारलंय? आतून नवी टीप घातली, जुनी उसवली, वरून इस्त्री. तिचं काम असं की नवी शिलाई कुठली हे देवालाही कळू नये. मी कॉलरची बटणं अर्धा बोट सरकवली. खरं सांगते, इतक्या आनंदाने बटणं मी जन्मात लावली नव्हती. पाय हलवत ती मध्येच म्हणाली, पण हे पुरेसं नाही. मी म्हटलं, मलाही तेच वाटतंय.

मग तिने वॉर्डाच्या आरोग्य खात्याला फोन लावला. एक शब्द खोटा बोलली नाही. म्हणाली, मला भावाने सांगितलंय की मी पॉझिटिव्ह आहे, आणि माझ्या घरचे लोक त्याच घरातून विमानाने फिरायला गेलेत, परवा सकाळी परत येतील. पलीकडची बाई म्हणाली, यादीत तर तुमचं नाव नाही. मास्तरीण म्हणाली, म्हणूनच तुम्ही यावं म्हणते.

परवाच्या दिवशी अकरा वाजता चौघं गाडीतून उतरली. उन्हाने लाल, गालांवर मास्कचे पट्टे, सासूबाईंच्या अंगात कोट. दारात आरोग्य खात्याची बाई उभी, मास्तरणीनेच शिवलेला गाऊन घालून, हातात फॉर्म, आणि रस्त्याच्या कडेला गाडी. समोरच्या खिडक्यांत अर्धी गल्ली. मास्तरीण दुकानाच्या उंबऱ्यावर, मास्क लावून. मी स्टुलावर, हातात सुई, दोरा ओवलेलाच नाही.

बाईंनी धाकट्याला सरळ विचारलं. घरात रुग्ण असताना तुम्ही लिहून दिलंत की कुणी आजारी नाही. विमानात किती लोकांच्या शेजारी बसलात? चौघांनी गाडीत बसायचं, केंद्रात चौदा दिवस, आणि पुढे जे काय होईल ते होईल. सासूबाई म्हणाल्या, मी यांच्या घरची नाहीच मुळी. भावजय नवऱ्याकडे बघायला लागली. पोरगी रडायला लागली, तेव्हा मला एकदा वाईट वाटलं. एकदाच.

धाकट्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फॉर्मवर लिहिलेलं खरं होतं, आणि तेच त्याला म्हणता येत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही त्याने स्वतः खणलेली. हळू आवाजात तो म्हणाला, ताई, तू सांग ना यांना.

"मला काय ठाऊक? रिपोर्ट तुझ्या फोनात आहे. काढ आणि वाच. मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं."

तिला कमी ऐकू येत नाही. दोन गल्ल्यांपलीकडची मशीन बिघडली तर तिला इथे कळतं.

त्याने फोन काढला. तिचं नाव वाचलं, वय वाचलं, तारीख वाचली, आणि शेवटचा शब्द असा पुटपुटला की खात्याच्या बाईंना पुन्हा विचारावं लागलं. मग तो म्हणाला, निगेटिव्ह. समोरच्या खिडकीतून कुणीतरी अगं बाई म्हटलं. बाईंनी फोन स्वतः बघितला, फॉर्मवर काहीतरी खोडलं आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की दंड केला असता तरी इतकं लागलं नसतं. म्हणाल्या, आजारावरून थट्टा करायची वेळ आहे का ही? आणि निघून गेल्या.

गाडी वळली. मग मास्तरीण म्हणाली, "माझं तिकीट काढलं होतंस का?"

"नाही. पहिल्यापासून हिच्या आईंचंच ठरलं होतं. तुला तोंडदेखलं विचारलं, तर तू तयारच झालीस. मग खरं सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटू नये म्हणून तू मला मरायला बसवलंस?"

सासूबाईंनी गपचूप कोट उतरवून पुढे केला. मास्तरणीने तो घेतला, गिऱ्हाइकाचा कपडा तपासावा तसा उलटा केला, छातीशी असलेल्या सहाव्या खिशात हात घातला. आत विमानाच्या पासाचा तुकडा होता. तो तिने सासूबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाली, हे तुमचं.

मग ती मागच्या खोलीत गेली, कोट भिजत घातला आणि येऊन मशीनवर बसली. गाऊनचं काम साठलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची ऑफिसात मोठी बैठक होती. आठ वाजल्यापासून वर कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. भावजयीचा आवाज आला, आठ दिवस हॉटेलात चरलात तसेच दिसताय. मग तिचं स्वतःचं कपाट उघडलं आणि ती गप्प झाली. मी खाली बटणाच्या डबीत तोंड खुपसून हसत होते. नऊच्या सुमाराला धाकटा जिना उतरला. कमरेला टॉवेल, हातात राखाडी पँट, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. लहानपणी मान खाली घालून यायचा म्हणे, तसाच आला. पँट मशीनवर ठेवून म्हणाला, ताई, सहलीचे कपडे धुवायला पडलेत, बाकी एकही होत नाही, निदान एवढी तरी आत्ता सैल करून दे, साडेदहाला पोचायचंय.

तेवढ्यात वरून विमान गेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरणीचा पाय पायडलवरून सुटला नाही. तिने गाऊनची बाही शेवटपर्यंत शिवली, दोरा तोडला, पँट घडी घातली, वहीतून पावती फाडली आणि पुढची तारीख घालून त्याच्या हातात दिली. त्याने तारीख बघितली, पुन्हा बघितली.

"चौदा दिवस काय," ती म्हणाली, "असे निघून जातात."

मी सुईत दोरा ओवला आणि पुढचं बटण घेतलं.