बाकावरचा मोठा माणूस

इतका उंच माणूस इतका वाकून जगताना मी दुसरा पाहिलेला नाही. बर्मिंगहॅमला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहणारा तो सेनेगलचा बास्केटबॉलपटू दारातून वाकून यायचा, जिना वाकून उतरायचा, ते ठीकच; पण वर आभाळाखेरीज काहीच नाही अशा पार्कातसुद्धा मान खाली घालून चालायचा. "सवय," म्हणायचा, "दारं सांगून येत नाहीत." डकारहून निघाल्यापासून त्याने आधी फ्रान्समध्ये, मग बेल्जियममध्ये कुठल्या कुठल्या क्लबांत दिवस काढले होते, आणि आता तो अशा देशात आला होता जिथे फुटबॉलपुढे त्याच्या खेळाला कुणी विचारत नाही. त्याचे सामने एका लेजर सेंटरमध्ये, म्हणजे वस्तीच्या व्यायामशाळेत व्हायचे. शेजारच्या स्विमिंग पूलचा क्लोरीनचा वास प्रेक्षकांपेक्षा जास्त जागा व्यापायचा. करार एकाच सीझनचा असायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात प्रत्येक चांगली गोष्ट 'नेक्स्ट सीझन'ला होणारी असे. मोठा क्लब, मोठं घर, मोठा पलंग, सगळं नेक्स्ट सीझन. तोवर तो भाड्याच्या पलंगाला स्टूल जोडून त्यावर पाय ठेवून झोपत होता.

आमची ओळख फोडणीने करून दिली. माझी बायको रत्नागिरीची. तिच्या हातची मोहरी तडतडली की पॅसेजमधला स्मोक अलार्म गळा काढायचा आणि मी खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालायचो. एका संध्याकाळी हा प्रकार चालू असताना दार वाजलं. तो आत आला, टाचाही न उचलता एका बोटाने अलार्म गप्प केला, आणि सॉरी म्हणून निघाला. म्हणजे सॉरी त्यानेच म्हटलं! बायकोने त्याला जेवायला थांबवलं. पुढे पुढे कढईचा आवाज ऐकूनच तो खाली यायला लागला आणि अलार्म ओरडण्याआधी त्याच्याखाली जाऊन उभा राहायला लागला. आमचे मित्र बायकोला 'वहिनी' म्हणत, म्हणून तोही म्हणे. ते तिचं नावच आहे असं त्याने डकारला आईलाही कळवून टाकलं होतं.

उंचीचं त्याला कर्तव्य वाटायचं. सुपरमार्केटमध्ये म्हाताऱ्या बायका त्याला वरच्या फळीवरचे डबे काढून द्यायला सांगत. मग तो स्वतःचं दूध विसरून तिथेच घुटमळायचा, न जाणो आणखी कुणाला काही लागलं तर. दुधाशिवाय घरी यायचा आणि आमच्याकडून न्यायचा.

जेवणाच्या बाबतीत मात्र आमचं जुळेना. आम्ही दोघं वेगवेगळ्या ताटांत जेवतो हे पहिल्यांदा पाहून त्याने काळजीने विचारलं होतं, "तुमचं भांडण झालंय का?" त्यांच्याकडे एका मोठ्या भांड्याभोवती सगळं घर बसतं, ज्याने त्याने आपल्या बाजूचं खायचं, आणि आई मधला मासा मोडून एकेकाच्या पुढ्यात सारत जाते. बायको हसऱ्या चेहऱ्याने मला मराठीत म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी एकमेकांचं उष्टं खायचं? शी! मला नाही जमायचं हं." त्याला शब्द कळले नाहीत, पण उत्तर कळलं. त्याने आपलं वेगळं ताट निमूटपणे जवळ ओढलं.

रविवारी तो फोनकार्ड घेऊन यायचा आणि आमच्या फोनवरून आईशी बोलायचा. तिचा प्रश्न ठरलेला. तू काय करतोस? खेळतो. ते कळलं रे, पण काम काय करतोस? माझी आईही मला कॉम्प्युटरबद्दल हेच विचारायची, त्यामुळे आम्ही दोघं खूप हसायचो. पण मुलगा इतकी वर्षं परदेशी खेळतोय आणि आईने त्याला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. "एकदाच तिने मला कोर्टवर बघावं. मग तिला समजावून सांगायला नको." पहिल्यांदा तिचा व्हिसा नाकारला गेला. दुसऱ्यांदा मिळाला, तेव्हा तो आमच्या पॅसेजमध्ये ताठ उभा राहिला आणि दिव्यावर डोकं आपटून बसला.

आई यायला थोडेच दिवस उरले असताना त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद केला, आणि क्लबने नेक्स्ट सीझन नाही म्हणून सांगितलं. शेवटचा सामना तेवढा आईच्या मुक्कामात होता. त्याने कोचपुढे हात जोडले. दोन मिनिटं उतरवा, धावणार नाही, नुसता उभा राहीन. कोच म्हणाला, आपण बरेच पुढे असलो तर बघू.

आईला मधे घेऊन आम्ही बसलो. बाई ताठ, रंगीत झग्याला जुळणारं फडकं डोक्याला बांधलेलं. सामना शेवटपर्यंत चुरशीचा झाला. सगळा हॉल आनंदाने ओरडत होता आणि मी मनातल्या मनात, एकदाचे भरपूर पुढे जा, नाहीतर सरळ हरा तरी, म्हणून कोचला शिव्या घालत होतो. तो बाकावरच राहिला. खेळ थांबला की घामाने निथळणारी पोरं बाकाकडे यायची. हा त्यांना पाणी द्यायचा, टॉवेल द्यायचा, खांद्यावर हात ठेवून कानात काही सांगायचा.

बाहेर आल्यावर आई त्याचा हात धरून बराच वेळ बोलली. त्याने आम्हाला निर्विकार चेहऱ्याने इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, आता तिला माझं काम कळलं. बाकीचे पळत होते आणि मी स्वच्छ कपड्यांत बसलो होतो. दमले की माझ्याकडे येत होते, मी त्यांना पाणी देत होतो. आमच्याकडे असं घरातला मोठा माणूस बसतो. ती म्हणते, तू इतका मोठा झालास आणि मला सांगितलं नाहीस?"

बायको काहीतरी बोलणार होती. तो हलकेच म्हणाला, "वहिनी, नको."

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने आमच्या स्वयंपाकघरात माशाचा भात केला. अलार्म ओरडला, त्याने बोटाने गप्प केला, आईने अभिमानाने आमच्याकडे पाहिलं. सगळा भात आमच्या परातीत ओतला. मी बायकोसाठी ताट काढायला उठलो, तर तिने "बस रे" म्हणून मला खाली ओढलं आणि पहिला हात परातीत तिने घातला. आईने मासा मोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याला म्हणाली, आजपासून तू वाट. मोठा माणूस आता तो होता. त्याने मासा मोडला, आईच्या पुढ्यात सारला, वहिनीच्या, माझ्या. स्वतःच्या बाजूला नुसता भात राहिला. तो खाली मान घालून जेवत होता. वर छत चांगलं उंच होतं.

तो डकारला परत गेला. तिथे शाळेत खेळ शिकवतो. वर्षभराने त्याचा फोन आला. म्हणाला, "आई गल्लीत सांगत फिरते, इंग्लंडात माझ्या मुलाला धावावंसुद्धा लागायचं नाही." मी हसलो, तोही हसला. तेवढ्यात आत मोहरी तडतडली आणि अलार्म ओरडायला लागला. मी खुर्चीकडे वळणार, तोच फोनमधून त्याचा घाईघाईचा आवाज आला, "वहिनीला सांग, थांब, आलोच."

मी तिला सांगितलं. ती कालथा हातात धरून अलार्मखाली येऊन उभी राहिली आणि मी खुर्ची आणेपर्यंत जिन्याकडे बघत राहिली.