वस्तादांचे कान

“कान कुठं गेलं माझं? आं? माझं कान कुठं गेलं?”

वस्ताद तालमीच्या दारात उभे राहून ओरडत होते आणि मी आत आखाड्याच्या तांबड्या मातीत पाठीवर पडलो होतो. मला कुणी पाडलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. त्या आवाजाच्या नुसत्या वाऱ्यानं मी आपला आपणच चीत झालो होतो. दिघीच्या बाजूला लष्कराची हद्द, तिथल्या पहारेकऱ्यानं त्या आवाजाला उलट “कौन है?” असं विचारल्याची माझी पक्की खबर आहे. दारातल्या बाभळीवरचे कावळे जे उडाले ते थेट आळंदीच्या घाटावर जाऊन बसले, आणि तिथल्या लोकांनी त्या दिवशी चार पिंड जास्तीचे उरकून घेतले म्हणतात.

वस्तादांच्या हातात फोटो होता. मीच काढलेला, काच आणि सोनेरी चौकट लावून त्याच सकाळी आणून दिलेला. चौकटीत वस्ताद उभे होते. लंगोट, उघडी छाती, खांद्यावर गदा, पाठीमागं माझ्या पडद्यावरचा राजवाडा आणि कारंजं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन कान. म्हणजे कान कुठं गेले नव्हते. उलट इतके देखणे कान मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. आंब्याच्या कोवळ्या पानांसारखे नितळ आणि नाजूक, एखाद्या नाटकातल्या राजकुमारीला लावले असते तरी प्रेक्षकांनी कानांसाठी वन्समोअर दिला असता.

तीच तर सगळी बोंब होती.

पैलवानाचे कान मोडलेले असतात. वर्षानुवर्षं समोरच्याच्या खांद्याखाली, काखेत, मातीत रगडून कान सुजतो, सुजेचा गोळा होतो आणि तो गोळा तसाच घट्ट होऊन डोक्याला चिकटून बसतो. पुण्यातल्या माणसाला वाटतं, अरेरे. आमच्या पट्ट्यात तेच प्रमाणपत्र होतं. छाती दूध पिऊन फुगवता येते, मिशी तेल चोळून वाढवता येते, कान मात्र कुणाच्या तरी तावडीत सापडल्याशिवाय मोडत नाही. पैलवानाला मुलगी द्यायला निघालेली माणसं आधी त्याच्या गोठ्यातली म्हैस बघत आणि मग त्याचे कान, नाक-डोळे राहिले तर परतीच्या वाटेवर आठवून बघत.

हे कान गुळगुळीत कसे झाले ते सांगायचं तर माझा धंदा सांगावा लागेल.

त्या दिवसांत माझा स्टुडिओ म्हणजे माझी सायकल. पुढं दांडीला तिपाई बांधलेली, मागं कॅमेऱ्याची लाकडी पेटी, पेटीवर गुंडाळलेला राजवाडा. एका जागी दुकान थाटून बसणाऱ्या फोटोग्राफरांची मला फार कीव यायची. त्यांच्याकडं माणसं जायची. मी माणसांकडं जायचो, आणि नुसत्या माणसांकडंच नाही. देहूरोडला जवान घरी धाडायला फोटो काढून घेत, आणि बंदूक जमा करायच्या आत काढ म्हणून मागं लागत. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं फाटकाच्या पासासाठी फोटो लागायचा. खेड्यातली पोरं श्वास इतका रोखून धरत की पासावरचा माणूस आणि कामावरचा माणूस एकच आहे हे फाटकावरच्या शिपायाला पटायचं नाही. चाकणच्या बाजारात एका अडत्याला कांद्याच्या ढिगावर बसून फोटो हवा होता. ढीग खालून घसरला आणि अडत्या फोटोत हललेला आला. शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलाचाही मी फोटो काढलाय. त्याच्यामागं राजवाडा टांगला, तर पठ्ठ्यानं वळून पडद्यावरची हिरवळ चरायला घेतली. आजही त्या पडद्याला डाव्या कोपऱ्यात हिरवळ नाही, विश्वास नसेल तर येऊन बघा.

तेव्हा निगेटिव्ह काचेवर यायची. त्या काचा मी धुवायचो आणि रिटचिंगसाठी पुण्याला एका चाचांकडं न्यायचो. चाचा म्हातारे होते, चष्म्याच्या काचा माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगाहून जाड, पण हात असा की काय सांगू. खिडकीच्या उजेडाला काच धरायची, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं आणि पिटुकल्या सुरीनं चेहऱ्यावरचं नको ते नाहीसं करायचं. देवीचे वण गेले, पुढं आलेले दात मागं गेले, टकलावर केस उगवले. आमच्या पट्ट्यातली निम्मी लग्नं त्या पेन्सिलीनं जमवली. लग्नानंतर नवरा प्रत्यक्ष पाहून एखादी पोरगी रडायची, पण तोवर अक्षता पडलेल्या असायच्या.

त्याच चाचांनी वस्तादांच्या काचेवर जरा जास्तच जीव ओतला होता.

मी मातीतून उठलो, धोतर झटकलं आणि म्हणालो, “वस्ताद, एवढंच ना? पुन्हा बसा. आत्ता दुसरा काढतो.”

“न्हाई बसनार.”

“का बरं?”

“एका फोटूत शेरभर रगत जातं मानसाचं. मागल्या टायमाला तू ते काळं फडकं डोक्यावर घेतलंस, तवाच मला कळलं काय चाललंय. दुसऱ्या दिवशी जोर मारताना धाप लागली. गावातल्या चार मानसांनी गळ घातली म्हणून एकदा बसलो. पुन्यांदा न्हाई.”

आता बाकी कुणी असता तर मी समजूत घातली असती. पण शंभर बैठका मारून न दमणाऱ्या माणसाला धाप लागली म्हणजे लागली. एवढं बोलून वस्ताद ओट्यावर बसले आणि आवाज एकदम खाली आला. तो आवाज मला पहिल्यापेक्षा जड गेला.

“ही तालीम नवी बांधली,” ते म्हणाले, “ती कुनासाठी? जत्रेला पार चाकनपातूर पावनं येनार. पोरांचं बाप येनार. ह्यो फोटू बघनार आन म्हननार, ह्यो बाबा मातीत कवा उतरलाच न्हाई. आधीच निम्मी पोरं कारखान्याच्या गेटावर वळ लावून हुभी ऱ्हात्यात. उरल्याली चाकनच्या तालमीत जातील. मंग म्या ह्या मातीत काय मेथी लावू?”

“जत्रेच्या आत कान आणून देतो,” मी म्हणालो. माझी जीभ नेहमी माझ्या सायकलीच्या पुढं धावते.

चाचांपुढं काच ठेवली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, वो कान थे? मैं समझा बेचारे को गालगुंड हुआ है. मैंने सूज उतार दी.”

“पुन्हा चढवा.”

“सुरीने छिला हुआ वापस नहीं आता.” चाचांनी दाढी खाजवली. “पर एक काम होता है. किसी दूसरे के ऐसेच कान ले आ. सामने से, इसी नाप के. मैं काटके चिपका दूँगा, जोड पे रंग मारूँगा, तू उसका नया फोटो निकाल ले. अल्ला की कसम, कान खुद नहीं पहचानेंगे के किसके सिर पे हैं.”

चाचांनी याआधी कैक स्वर्गवासी आजोबांची मुंडकी नातवांच्या कोटावर बसवून दिली होती, तेव्हा शंकेला जागा नव्हती. मी कानांच्या शोधाला निघालो.

लोक मुली बघत हिंडतात, मी कान बघत हिंडलो. दिघीत एक पैलवान सापडला, पण त्याचा एकच कान मोडलेला. दुसरा मोडेपर्यंत थांबा, म्हणाला, आमची कुस्ती ठरलीय. भोसरीत एकाचे कान असे होते की मी सायकलवरून उतरून नमस्कार केला. पण ते आमच्या वस्तादांना लावले असते तर लोकांनी फोटोला दूर्वा वाहिल्या असत्या. तिसऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभा केला की तो दंड थोपटायचा, आणि कान हलायचे. शेवटी उरला एकच माणूस, आणि मी मुद्दाम त्याला शेवटी ठेवला होता. चाकणचा वस्ताद.

हे दोघं वस्ताद एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते. आमच्या वस्तादांपुढं चाकण हा शब्द काढला की ते घोटभर पाणी पिऊन मग बोलत. तिकडं आमच्या गावाचं नाव काढलं की चाकणकर वस्ताद उठून बाहेर थुंकून येत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण कान? माप तेच, ठेवण तीच, जणू एकाच साच्यातून काढलेले.

“पट्ट्यातल्या सगळ्या नामांकित वस्तादांचे फोटो काढतोय,” मी म्हणालो. “तुम्ही नसलात तर तो संच कसला?”

“फोटूनं रगत जातं म्हनत्यात,” चाकणकर म्हणाले.

“थोडं जातं.”

“जाऊ दे. माझ्यात लय हाय.”

असे खुशीत उभे राहिले की कानसुद्धा चमकायला लागले. एक फोटो चाचांच्या कात्रीसाठी ठेवला आणि एक चौकट करून त्यांना नेऊन दिला. धंद्यात मी इमानदार होतो. शिवाय माझा हिशेब पक्का होता. माणसाला स्वतःचं नाक ठाऊक असतं, हात ठाऊक असतात. स्वतःचे कान कोण बघतो?

चाचांनी काम असं केलं की जोड शोधायला गरुडाची नजर हवी. आमच्या वस्तादांनी नवा फोटो उजेडात मांडीवर घेतला. एका हातानं स्वतःचा कान चाचपला, दुसऱ्या हातानं काचेवरचा. ते आरसा बघत तो फक्त मिशीपुरता.

“व्हय,” ते म्हणाले. “आता मानूस दिसतोय.”

जत्रेच्या दिवशी तालीम अशी भरली की भिंतींनी पोटं बाहेर काढली. नारळ फुटला, मातीवर हळद-कुंकू पडलं, फोटो भिंतीवर चढला, हार चढला. पोरांचे बाप एकेक पुढं येऊन मान वर करून बघत आणि एकमेकांना कोपरानं ढोसत. सगळं मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात दारात गलका झाला आणि चाकणचे वस्ताद आपल्या पैलवानांना घेऊन आत आले. गावानं निमंत्रण सगळ्या तालमींना दिलं होतं. ते येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ते फोटोपुढं गेले. बघत राहिले. जवळ गेले. मग हात वर करून स्वतःचा डावा कान धरला, आणि मला तिथंच कळलं की मी चौकट करून दिलेला तो फोटो हा गृहस्थ रोज समोर घेऊन बसत असला पाहिजे.

“ह्यो कान माझा हाय,” ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “आन ह्यो बी.”

तालमीत असं चिडीचूप झालं की बाहेरचा पाळणासुद्धा वरच्या वर थांबला. मी सायकल किती लांब आहे याचा अंदाज घेत होतो. आमचे वस्ताद माझ्याकडं वळले.

“काय म्हनतोय ह्यो?”

“उजेडाचा खेळ असतो, वस्ताद. फोटोत उजेड कधी कधी—”

“उजेडाला कान असत्यात व्हय रे?” चाकणकर म्हणाले.

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं, चाचा, गालगुंड, कात्री, सगळं. बापमंडळी एकमेकांकडं बघायला लागली. मागून कुणीतरी बोललंच, “म्हंजी कान उसनं? मंग वस्तादबी उसना का काय?” दोघंतिघं आपापल्या पोराचा दंड धरून दाराकडं वळले. वस्तादांनी मान खाली घातली. त्या माणसाला मी मातीत पाठीवर कधी पाहिला नव्हता, पण त्या घडीला तो उभ्याउभ्या चीत होत होता.

“दार लावा,” चाकणकर म्हणाले.

त्यांच्या पैलवानांनी दार लावलं. मी देवाचं नाव घेतलं.

“सगळ्यांनी हिकडं बघा.” चाकणकरांनी मुंडासं काढलं आणि डोकं उजेडात धरलं. “ह्यो डावा. चिंचवडच्या फडात ह्या मानसानं माझी मान काखंत धरली ती दिवस बुडला तरी सोडली न्हाई. लोकं भाकरी खाऊन परत आली, आमी तसंच. उजवा फुडल्या सालाला, त्येच फडात, त्येच काखंत. दोन्ही ह्याच्या हातचं काम हाय. म्या कुनाला बोललो न्हवतो, लाज वाटायची. आता ह्यानं भितीवरच टांगल्यात, तर लपवून काय करू?” मग दाराशी थबकलेल्या बापांकडं बघून म्हणाले, “पोराचं कान असं करून पायजे आसल तर हितं ठेवा. माझ्याकडं एवढं चांगलं हुत न्हाई.”

दाराकडं गेलेली पोरं परत आली. मागून आणखी आली. एका बापानं तर स्वतःच सदरा काढायला घेतला, त्याला धरून बसवावं लागलं. आमचे वस्ताद वळले. आत गेले, आणि दुधाची चरवी आणून चाकणकरांच्या पुढ्यात ठेवली. चाकणकरांनी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. मग दोघं शेजारी शेजारी बसून दुसऱ्या कुणाला तरी नावं ठेवू लागले.

गर्दी पांगल्यावर मी हळूच ओट्याशी गेलो.

“वस्ताद,” मी म्हणालो, “आता तुमच्या स्वतःच्या कानांचा काढू. फुकटात काढतो, आणि रक्ताची एवढी काळजी असेल तर डोळे मिटून उभे राहा. हा उतरवून ठेवतो.”

वस्तादांनी भिंतीकडं पाहिलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “खिळा ठोकून झालाय.”